अग्निबाणाचा सारथी

दिवाळीत बाण उडविताना तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. बाटली जराशी कलली असली किंवा बाणाची काडी वाकडी असली, की तो आकाशात जाण्याऐवजी शेजाऱ्यांच्या कौलांवर जाऊन आदळतो. एकदा वात पेटली म्हणजे त्याला वळविणे आपल्या हाती उरत नाही. उपग्रह घेऊन जाणारा अग्निबाण मुळात याच जातीचा होय. परंतु त्याला वाटेत वळावे लागते, आपला वेग मोजावा लागतो, इंधन संपलेले टप्पे टाकून द्यावे लागतात. आणि हे सर्व इतक्या त्वरेने, की जमिनीवर बसलेल्या माणसाने पाहावे, विचार करावा आणि हुकूम द्यावा, एवढी सवडच नसते. मग त्याला हाकतो कोण?

रथाला जसा सारथी, तसा अग्निबाणालाही एक सारथी असतो. मात्र त्याला हात नाहीत, पाय नाहीत, डोळेही नाहीत. अग्निबाणाच्या आत बसविलेल्या लहानशा संगणकात ओळीने लिहून ठेवलेल्या आज्ञा, एवढेच त्याचे रूप. अशा आज्ञांच्या संचाला सॉफ्टवेअर किंवा आज्ञावली म्हणतात. या सारथ्याला स्वतःची बुद्धी नसते. ज्यांनी त्या आज्ञा लिहिल्या, त्यांची बुद्धी, त्यांची दूरदृष्टी आणि जे त्यांच्या ध्यानात आले नाही ते अज्ञानही तो जसेच्या तसे बरोबर घेऊन जातो.

आपल्या देशाने अलीकडे एक लहान अग्निबाण तयार केला आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एस. एस. एल. व्ही. म्हणतात. त्याची उंची ३४ मीटर, म्हणजे दहा-अकरा मजली इमारतीएवढी; रुंदी अवघी २ मीटर, आणि वजन सुमारे १२० टन. सुमारे ५०० किलोग्रॅम वजनाचा उपग्रह तो ५०० किलोमीटर उंचीवर नेऊन ठेवू शकतो. यालाच लहान म्हणावयाचे का, असे तुम्ही विचाराल. पण मोठ्या अग्निबाणांच्या शेजारी तो खरोखरच लहान दिसतो. लहान उपग्रहांना मोठ्या अग्निबाणातही जागा मिळते. परंतु ती वऱ्हाडाच्या गाडीत पाहुण्याला मिळालेल्या जागेसारखी. गाडी निघेल तेव्हा निघावयाचे आणि ती जेथे नेईल तेथे उतरावयाचे. म्हणून लहान उपग्रहांसाठी कमी खर्चाचा आणि थोड्या दिवसांत उड्डाणास सिद्ध होणारा स्वतंत्र अग्निबाण हवा होता.

त्याचे पहिले तीन टप्पे घन इंधनावर चालतात. आपल्या देशात असे इंधन तयार करण्याच्या कामी डॉ. वसंत गोवारीकर या मराठी शास्त्रज्ञाचा फार मोठा वाटा होता. घन इंधन साठविण्यास सोपे आणि जोरकस. पण एकदा पेटले की विझविता येत नाही, आणि मनास येईल तसे कमीजास्तही करता येत नाही. दिवाळीच्या बाणाचा हा स्वभाव येथेही सुटलेला नाही! म्हणून सर्वांत वर द्रव इंधनाचा एक छोटा भाग बसविलेला असतो. खालच्या तीन टप्प्यांनी दिलेल्या वेगात जी थोडी उणीव राहील, ती मोजूनमापून भरून काढणे हे त्याचे काम.

ही उणीव भरून काढणे किती महत्त्वाचे आहे, हे समजण्यासाठी वेगाचा आकडा पाहा. सुमारे ३५० किलोमीटर उंचीवर पृथ्वीभोवती फिरत राहावयाचे, तर उपग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर असावा लागतो. त्या वेगाने मुंबईहून पुण्यास जाण्यास वीस सेकंद पुरतील. वेग यापेक्षा थोडा कमी पडला तर उपग्रहाची वर्तुळाकार वाट एका बाजूने पृथ्वीकडे झुकते आणि तो पुन्हा दाट हवेत शिरून नष्ट होतो.

आता आपल्या आंधळ्या सारथ्याचे काम कसे चालते ते पाहू. त्याला क्षणोक्षणी तीन प्रश्नांची उत्तरे काढावी लागतात. मी आता कोठे आहे? मला जावयाचे तेथे जाण्यास कोणती दिशा धरली पाहिजे? आणि त्यासाठी इंजिनाचे तोंड किती वळवावे? शेवटचे काम तुम्ही स्वतःही करता. तळहातावर काठी उभी तोलून पाहा. काठी डावीकडे झुकू लागली की तुमचा हात आपोआप डावीकडे सरकतो. अग्निबाणही तसाच खालून तोलून धरावा लागतो. जळते वायू बाहेर टाकणारे तोंड किंचित इकडे, किंचित तिकडे वळवून.

पहिला प्रश्न मात्र अवघड आहे. डोळे नसताना आपण कोठे आहोत हे कळावे कसे? त्यासाठी एस. टी.च्या गाडीत बसल्याची कल्पना करा आणि डोळे मिटा. गाडीने वेग घेतला की पाठ आसनाला टेकते. ब्रेक लागला की अंग पुढे जाते. वळण आले की शेजाऱ्यावर रेलता. निघाल्यापासून बसलेले असे सर्व झटके, ते किती वेळ टिकले यासह, तुम्ही अचूक लक्षात ठेवले, तर गाडीचा वेग आणि तिने तोडलेले अंतर तुम्हांला हिशेबाने काढता येईल. अग्निबाणातील त्वरणमापक नावाची यंत्रे नेमके हेच झटके मोजतात. दिशा किती बदलली हे सांगणारी आणखी काही यंत्रे त्यांच्या जोडीला असतात. सारथी या मापांची बेरीज करीत जातो आणि आपला ठावठिकाणा काढतो.

आपला पहिला उपग्रह-वाहक अग्निबाण एस. एल. व्ही. ३ हा इतका हुशार नव्हता. त्याला उड्डाणाची वाट आधीच पाठ करून दिलेली असे. अमुक सेकंदाला इतके वाकावे, तमुक सेकंदाला तितके. ती वाट प्रत्यक्ष वेगाशी जुळते की नाही हे पाहून मार्ग बदलण्याची सोय त्यात नव्हती. १० ऑगस्ट १९७९ रोजी त्याचे पहिले उड्डाण दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणव्यवस्थेतील बिघाडामुळे फसले. पुढे १८ जुलै १९८० रोजी त्याने ३५ किलोग्रॅम वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम हे त्या प्रकल्पाचे संचालक होते. चालता चालता स्वतःची चूक मोजून मार्ग सुधारणारा सारथी नंतरच्या अग्निबाणांत आला. पाठ केलेल्या वाटेची ही गोष्ट ध्यानात ठेवा. ती पुन्हा यावयाची आहे.

७ ऑगस्ट २०२२ या दिवशी सकाळी ९ वाजून १८ मिनिटांनी एस. एस. एल. व्ही. प्रथमच श्रीहरिकोट्याहून उडाला. त्याच्या माथ्यावर दोन उपग्रह होते. एक सुमारे १३५ किलोग्रॅमचा, पृथ्वीचे निरीक्षण करणारा. दुसरा केवळ ८ किलोग्रॅमचा, नाव आझादीसॅट. ठिकठिकाणच्या ७५ शाळांतील ७५० मुलींनी त्यातील लहान लहान उपकरणे जुळविली होती. त्या मुली तुमच्यासारख्याच शाळेत जाणाऱ्या. त्यांच्यातील अनेकजणी ते उड्डाण पाहण्यासाठी श्रीहरिकोट्यास गेल्या होत्या.

पहिला टप्पा नीट जळला. दुसराही जळला. मग तो दुसरा टप्पा तोडून टाकण्याचा क्षण आला. टप्पे वेगळे करताना झटका बसतो, हे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु या वेळी, संगणक आणि मापके जेथे बसविलेली होती, तो भाग अल्प काळ जोराने थरथरला. आपल्या एस. टी.चे चाक खोल खड्ड्यात आदळावे आणि सारे प्रवासी आसनावरून उसळावेत, तसे काहीसे झाले. अशा वेळी डोळे मिटलेल्या प्रवाशाला कोणी विचारले, की "गाडी कोणत्या दिशेने चालली आहे?" तर तो काय सांगणार? त्वरणमापकांची मापे त्यांच्या मर्यादेच्या टोकाला जाऊन भिडली.

येथे सारथ्याच्या आज्ञावलीतील एक विशेष कलम जागे झाले. मापके बिघडली तर काय करावयाचे, याचे ते कलम. ते अनाठायी नव्हते, हे आधी समजून घ्या. एखादे यंत्र खरोखर बिघडले आणि सारथी त्याच्यावरच विसंबून राहिला, तर तो अग्निबाणाला भलतीकडेच नेईल. म्हणून कोणाचे ऐकावे आणि कोणाचे ऐकू नये, हे त्याला शिकवावेच लागते. पण हादरा बसल्यावर किती वेळ थांबून मग निकाल द्यावा, हाही प्रश्न असतो. फार थांबले तर खऱ्या बिघाडात अग्निबाण हातचा जाईल. थोडेच थांबले तर धडधाकट यंत्रावर बिघाडाचा शिक्का बसेल. त्या दिवशी दुसरी गोष्ट घडली. सारथ्याने आपलीच मापके निकामी ठरविली.

मग लिहून ठेवल्याप्रमाणे त्याने बचावाची पद्धत स्वीकारली. मापकांकडे पाहावयाचे नाही. पाठ केलेल्या वाटेने जावयाचे! ४२ वर्षांपूर्वी एस. एल. व्ही. ३ ज्या रीतीने गेला, तीच ही रीत. तिसरा टप्पा जळला, उपग्रह सुटेही झाले. परंतु वेगातील उणीव मोजण्याची व्यवस्थाच बाजूला पडल्यामुळे वरच्या छोट्या द्रव इंधनाच्या भागाला आपले काम करता आले नाही. ३५६ किलोमीटर उंचीची वर्तुळाकार कक्षा हवी होती. मिळालेली कक्षा एका टोकाला ३५६ किलोमीटर उंच, तर दुसऱ्या टोकाला केवळ ७६ किलोमीटर उंच होती. वेगात पडलेली तूट सेकंदाला १०० मीटरहूनही कमी होती. ७६ किलोमीटरवरची हवा आपल्या श्वासाला पुरणार नाही इतकी विरळ असते. परंतु एवढ्या प्रचंड वेगाने जाणाऱ्या वस्तूला ती पुरेशी अडथळा करते. दोन्ही उपग्रह गेले. मुलींनी जुळविलेली उपकरणेही त्यांच्याबरोबर गेली.

इंजिने चालली, इंधन जळले, टप्पे सुटले. चुकला तो निर्णय. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. पूर्वी अग्निबाण पडला की लोक विचारीत, 'काय तुटले? कोठे गळले?' आता आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, 'सारथ्याला काय सांगून ठेवले होते?'

तर मग ही आज्ञावली आधीच नीट तपासून का पाहत नाहीत? पाहतात, आणि किती कसून पाहतात हे ऐकाल तर चकित व्हाल. आपले अग्निबाण थिरुवनंतपुरमजवळ थुंबा येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात आखले जातात. अग्निबाणाचा धातू घडविण्याच्या आधीच त्याचे उड्डाण संगणकावर गणिताने घडवून आणतात. त्यासाठीही वेगळ्या आज्ञावल्या तयार कराव्या लागतात. इंधन ठरल्यापेक्षा किंचित सावकाश जळले तर? वजन थोडे अधिक भरले तर? वर वारा जोराचा असला तर? असा एकेक आकडा थोडाथोडा बदलून तेच उड्डाण पुन्हा पुन्हा, हजारो वेळा करून पाहतात. उड्डाणाच्या दिवशी तर फुगे सोडून वरच्या वाऱ्याचा वेग प्रत्यक्ष मोजतात आणि चढणीची वाट त्याप्रमाणे जुळवून घेतात.

मग खऱ्या संगणकाची पाळी येते. त्याला मेजावर ठेवून, तो जणू उडतच आहे अशी खोटी मापे त्याच्या तारांतून पाठवितात. बिचाऱ्याला वाटते, आपण चढत आहोत, टप्पा सुटला, वारा लागला. तो आज्ञा देऊ लागतो आणि शास्त्रज्ञ त्या तपासत बसतात. ही तपासणी टाळली तर काय होते, याचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. युरोपातील देशांनी मिळून बांधलेला एरियान-५ हा मोठा अग्निबाण ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना येथून प्रथमच उडाला. त्याच्या आज्ञावलीचा एक भाग आधीच्या एरियान-४ मधून तसाच उचललेला होता. नवा अग्निबाण अधिक वेगाने आडवा जाई, म्हणून एक संख्या तिच्यासाठी राखलेल्या जागेत मावली नाही. निकालपत्रकात गुणांसाठी दोनच अंकांची चौकट असावी आणि कोणी १०० गुण मिळवावेत, तसे झाले. संगणक थांबला. जोडीला दुसरा संगणक होता. परंतु त्याच्यातही हीच आज्ञावली असल्यामुळे तोही तेथेच अडखळला. अवघ्या ४० सेकंदांच्या सुमारास सारे भस्म झाले. नव्या अग्निबाणाच्या खऱ्या वाटेची मापे त्या संगणकाला जमिनीवर एकदा खोटी म्हणून दिली असती, तर ही चूक तेथेच सापडली असती. आणखी एक गंमत, दुःखाची गंमत म्हणा, अशी की तो हिशेब उड्डाणानंतर करण्याची या अग्निबाणाला गरजच नव्हती!

येथवर आपण उपग्रहाची चिंता केली. पण खाली राहणाऱ्या माणसांचे काय? अग्निबाण भरकटला तर तो कोणाच्या घरावर पडेल? यासाठीही एक आज्ञावली सतत हिशेब करीत असते. तिचा प्रश्न मोठा विलक्षण असतो: इंजिन याच क्षणी बंद पडले तर अग्निबाण कोठे कोसळेल? दर क्षणी हा बिंदू नकाशावर पुढे सरकत जातो. नकाशावर सुरक्षेच्या रेषा आखलेल्या असतात. बिंदू त्या रेषेकडे वळला, की अग्निबाण हवेतच नष्ट करण्याची आज्ञा द्यावी लागते. २५ डिसेंबर २०१० रोजी आपला एक मोठा अग्निबाण, जी. एस. एल. व्ही., तारांची जोडणी सुटल्यामुळे भरकटला, तेव्हा त्याला बंगालच्या उपसागरावर असेच नष्ट करण्यात आले.

श्रीहरिकोटा हे बेट पूर्व किनाऱ्यावर आहे ते उगाच नव्हे. परंतु तेथून सरळ दक्षिणेकडे जावे, तर वाटेत श्रीलंका येते. म्हणून दक्षिणेकडे निघालेल्या अग्निबाणाला वळसा घ्यावा लागतो, आणि वळशात इंधन खर्ची पडते. मोठ्या अग्निबाणाला हा खर्च परवडतो. लहानग्याला तो जड जातो. यासाठीच तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळ कुलशेखरपट्टिणम येथे नवे उड्डाणकेंद्र उभारण्याचे ठरले. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची कोनशिला बसविण्यात आली. तेथून दक्षिणेस मोकळा समुद्रच समुद्र आहे.

लहान अग्निबाणांवर खर्च थोडा करावयाचा असतो. म्हणून काही ठिकाणी नष्ट करण्याचा निर्णयही माणसाकडून काढून सारथ्याकडेच सोपविला आहे. जपानमधील काइरोस हा १८ मीटर उंचीचा अग्निबाण असाच होता. १३ मार्च २०२४ रोजी वाकायामा प्रांतातील कुशिमोतो येथून तो उडाला आणि केवळ ५ सेकंदांनी त्याने स्वतःला उडवून दिले. जळते तुकडे डोंगरउतारावर पडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. चौकशीअंती काय आढळावे? अग्निबाणात मोठा बिघाड नव्हताच! घन इंधन किती वेगाने जळेल, याचा आधी केलेला अंदाज चुकला होता. अग्निबाण अपेक्षेपेक्षा हळू चढत होता, ठरविलेल्या मर्यादेबाहेर गेला, आणि सारथ्याने आज्ञेचे तंतोतंत पालन केले. आपल्या अग्निबाणाच्या सारथ्याने खऱ्या मापकांना खोटे ठरविले होते. येथे मापके खरेच सांगत होती, पण ज्या अंदाजाशी त्यांची तुलना करावयाची, तोच चुकीचा होता. तरीही अशी मर्यादा काढून टाकावी, असे मात्र मी म्हणणार नाही. डोंगरापलीकडे गाव असेल, तर चुकून फुटलेला अग्निबाण चुकून न फुटलेल्यापेक्षा बरा.

एस. एस. एल. व्ही.च्या चौकशीनंतर शास्त्रज्ञांनी काय केले? दुसरा टप्पा सोडविण्याची यंत्रणाच त्यांनी बदलली आणि कमी धक्का देणारी बसविली. संगणक व मापके जेथे असतात त्या भागाच्या बांधणीत सुधारणा केली. बिघाड ठरविण्याचे कलम पुन्हा लिहिले. मापके निकामी ठरविण्यापूर्वी आता सारथ्याला अधिक वेळ वाट पाहण्यास सांगितले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मापकांवरील विश्वास उडाला तरी त्याने एकदम डोळे मिटून चालू लागू नये, म्हणून नाविक या आपल्या भारतीय उपग्रहांकडून मिळणाऱ्या स्थानाच्या माहितीचा आधार त्याला दिला. गाडीतील प्रवाशाला खिडकीतून मैलाचे दगड दाखविण्यासारखेच हे झाले.

१० फेब्रुवारी २०२३ रोजी, पुन्हा सकाळी ९ वाजून १८ मिनिटांनी, दुसरा एस. एस. एल. व्ही. श्रीहरिकोट्याहून निघाला. पहिला टप्पा जळून गेला. दुसरा जळून गेला. ज्या क्षणाला मागच्या वेळी घात झाला होता, तो क्षण आला. टप्पा सुटला आणि मापके मोजतच राहिली. तिसऱ्या टप्प्यानंतर वरच्या छोट्या द्रव इंधनाच्या भागाने या खेपेस आपले काम केले आणि वेगातील उणीव भरून काढली. उड्डाणानंतर सुमारे पाव तासात ४५० किलोमीटर उंचीच्या वर्तुळाकार कक्षेत तीन उपग्रह एकामागून एक सुटले. त्यांतील सर्वांत लहानाचे वजन ८.७ किलोग्रॅम होते. शाळेतल्या मुलींनी पुन्हा एकदा उपकरणे जुळवून सिद्ध केलेला तो आझादीसॅट-२ होता.